कागद आधी, तिकीट नंतर: थायलंडमध्ये इंग्रजी शिकवायला निघालेल्या शिक्षिकेपुढच्या तीन ऑफर

नाशिकच्या एका विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहा वर्षे शिकवणाऱ्या एक शिक्षिका. वय ३१, इंग्रजीत एम.ए., दोन वर्षांचे बी.एड., हातात येणारा पगार २१,००० रुपये. फेब्रुवारीत त्यांनी थायलंडमधल्या शाळांकडे अर्ज पाठवायला सुरुवात केली आणि तीन आठवड्यांत तीन ऑफर आल्या. पगाराचा आकडा बघितला तर पहिली सर्वांत चांगली, तिसरी सर्वांत कमी. प्रत्यक्षात क्रम नेमका उलटा होता. तो कसा ओळखला, हे या प्रकरणात सविस्तर पाहू. शिक्षिका ही कोणी एक व्यक्ती नाही. या वाटेने जाणाऱ्या मराठी शिक्षकांपुढे ज्या तीन तऱ्हेच्या ऑफर पुन्हा पुन्हा येतात, त्यांवरून हे प्रकरण बांधले आहे. पगाराचे आणि खर्चाचे आकडे नमुन्याचे आहेत. नियम, सरकारी शुल्के आणि कागदपत्रे थायलंडमधली खरी आहेत.

आधी थायलंडच का, ते थोडक्यात. भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिकवण्याची दारे सगळीकडे सारखी उघडी नाहीत. चीनमध्ये इंग्रजी शिक्षकाच्या परवान्यासाठी मातृभाषा इंग्रजी असलेल्या देशाचे नागरिकत्व हा सर्वसाधारण नियम आहे. दक्षिण कोरियात भारतासोबतच्या व्यापार करारामुळे वाट आहे, पण ती अरुंद आणि शिक्षक प्रशिक्षण घेतलेल्यांपुरती. थायलंडमध्ये मात्र पदवीधर, इंग्रजी चांगले असलेला भारतीय माणूस रीतसर शिक्षक होऊ शकतो आणि बी.एड. असेल तर बाजू आणखी भक्कम होते. तिथेही ‘फक्त नेटिव्ह स्पीकर’ असे छापलेल्या जाहिराती भरपूर असतात आणि भारतीय किंवा फिलिपिनो शिक्षकाला त्याच कामाचे कमी पैसे देण्याची पद्धत सर्रास आहे. ही पद्धत अन्यायाची आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण तिचा आणखी एक परिणाम होतो, त्याकडे कमी लक्ष जाते. चार ठिकाणी नकार पचवलेल्या माणसाला पाचव्या ठिकाणी ‘तुमचे लगेच काम करून देतो’ असे कोणी म्हटले की तो प्रश्न विचारायचे थांबतो. फसवणारे नेमके याच क्षणी भेटतात.

पहिली ऑफर होती महिना ४५,००० बाटची (बाट हे थायलंडचे चलन). ‘बँकॉकजवळची नामांकित भाषा संस्था’ एवढेच वर्णन. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा मिनिटांचे बोलणे झाले, वर्गात शिकवून दाखवा असे कोणी म्हटले नाही आणि त्याच संध्याकाळी ऑफर लेटर आले. अटी तीन: ‘फाइल चार्ज’ म्हणून ६५,००० रुपये भरा, व्हिसाशिवाय या, बाकीचे तिथे करून देऊ, विमानतळावर आमचा माणूस गाडी घेऊन येईल.

या तिन्ही अटी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात. पैशांची गोष्ट सोपी आहे. भारतातून परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते आणि नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर कोणालाही पाहता येते. नोंदणीकृत एजंटालाही उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढेच घेता येतात. तेही पावती देऊन. ६५,००० मागणारा एजंट यादीत नसतो, आणि असला तरी तो नियम मोडतो आहे. आपला पासपोर्ट दहावी पास असल्यामुळे ‘ईसीएनआर’ असेल, तर उत्प्रवास मंजुरी लागत नाही. त्यामुळे अनेकांना वाटते की एजंटाच्या नोंदणीशी आपला काही संबंध नाही. मंजुरीची सूट उमेदवाराला असते. एजंटाला नोंदणीची सूट नसते.

व्हिसाची गोष्ट जास्त घातक. २०२४ च्या जुलैत थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची सवलत दिली. ती पर्यटकांसाठी. त्या शिक्क्यावर वर्गात उभे राहणे हा गुन्हा आहे आणि तो शाळेइतकाच शिक्षकाचाही. विनापरवाना काम करणाऱ्याला ५,००० ते ५०,००० बाट दंड, देशाबाहेर रवानगी आणि दोन वर्षे पुन्हा वर्क परमिट नाही, असा थाई कायदा आहे. मालकाला प्रत्येक माणसामागे १०,००० ते १,००,००० बाट दंड होतो. मालक दंड भरून मोकळा होतो, शिक्षकाची दोन वर्षे जातात.

आणि ती गाडी. थायलंडच्या ताक प्रांतात मे सॉत नावाचे सीमेवरचे गाव आहे. मोई नदी ओलांडली की म्यानमारचे म्यावड्डी. नोकरीच्या नावाखाली बँकॉकला उतरवून, तिथून रस्त्याने मे सॉतला आणि नदीपार सायबर फसवणुकीच्या वसाहतींत माणसे नेली गेली आहेत; त्यांत भारतीय मोठ्या संख्येने होते. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानाने मे सॉतहून २८३ भारतीयांना एका फेरीत परत आणावे लागले. बहुतेकांना डेटा एंट्री किंवा मार्केटिंगची कामे सांगितली होती, पण शिकवण्याचे काम सांगूनही तीच गाडी बोलावता येते. म्हणून शाळेचा पत्ता न सांगता ‘आमचा माणूस घ्यायला येईल’ म्हणणारी ऑफर तिथेच सोडायची. त्यावर आणखी विचार, आणखी चौकशी, काही करायचे नाही. शिक्षिकेने शाळेचे थाई लिपीतले नाव आणि नोंदणी परवान्याची प्रत मागितली. उत्तर आले, ‘मॅडम, विश्वास ठेवा.’ विषय संपला.

दुसऱ्या ऑफरमध्ये गुंतागुंत होती, कारण त्यात खोटे काहीच नव्हते. ईशान्य थायलंडमध्ये उदोन थानीजवळची एक सरकारी माध्यमिक शाळा, आणि मधे बँकॉकची एक एजन्सी. पगार २५,००० बाट. शाळा खरी, एजन्सी खरी, तिच्यामार्फत शिकवणारे लोकही खरे. थाई सरकारी शाळा परदेशी शिक्षक स्वतः नेमण्यापेक्षा पुष्कळदा अशा कंपन्यांकडून घेतात. शाळा कंपनीला ठरावीक रक्कम देते, कंपनी आपला वाटा काढून उरलेले शिक्षकाला देते. आपल्याकडे तासिका तत्त्वावर काम केलेल्यांना ही व्यवस्था समजावून सांगायची गरज नाही.

एजन्सी म्हणजे फसवणूक, असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. प्रश्न एवढाच, की कागदावर तुमचा मालक कोण? हे शोधायला तीन जागा आहेत.

पहिली, कंपनीची नोंद. प्रत्येक थाई कंपनीला १३ आकडी नोंदणी क्रमांक असतो. वाणिज्य मंत्रालयाच्या व्यवसाय विकास विभागाच्या संकेतस्थळावर तो टाकला की कंपनी कधी स्थापन झाली, चालू आहे की बंद, संचालक कोण आणि भांडवल किती, हे दिसते. भांडवलाचा आकडा महत्त्वाचा. कंपनीच्या नावावर परदेशी माणसाचे वर्क परमिट काढायचे तर सर्वसाधारण नियम प्रत्येक माणसामागे २० लाख बाट भांडवलाचा आहे. दहा लाख बाट भांडवलाची कंपनी ४० शिक्षक पुरवत असेल, तर ती स्वतःच्या नावावर परमिट काढत नाही हे उघड आहे. मग ते शाळेच्या नावावर निघत असेल, किंवा निघतच नसेल. या दोहोंपैकी काय, ते लेखी विचारायचे.

दुसरी जागा, वर्क परमिटवरचा हुद्दा. ‘शिक्षक’ लिहिले तर त्यामागे शिक्षक परिषदेची परवानगी लागते. ती टाळण्यासाठी कधी कधी परमिटवर ‘सहायक’ किंवा ‘कर्मचारी’ असे काहीतरी लिहितात आणि वर्ग मात्र पूर्णवेळ घ्यायला लावतात. तपासणी झाली तर परमिट असूनही शिक्षक अडचणीत येतो, कारण परमिटवर लिहिलेले काम आणि प्रत्यक्षातले काम वेगळे असते.

तिसरी जागा पगारपत्रक. चालू शिक्षकाकडे विचारायचे, कपात किती आणि कशाची? दर महिन्याला सरळ ३ टक्के कापले जात असतील, तर कंपनी त्याला नोकर मानत नाही, कामाचे कंत्राट घेतलेला बाहेरचा माणूस मानते. पगारी रजा, विमा, नोटीस हे सगळे मग करारात लिहिले असेल तेवढेच. ही ३ टक्के रक्कम बुडत नाही. वर्षभराचे उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल, तर पुढच्या वर्षी ३१ मार्चपर्यंत विवरणपत्र भरून परत मागता येते. पण त्यासाठी कंपनीने कपातीचा दाखला द्यावा लागतो. तिथले शिक्षक त्याला ‘५० थवी’ म्हणतात. हा दाखला दरवर्षी मिळतो का, हा प्रश्न साधा वाटतो. पण एजन्सी कापलेले पैसे खरोखर सरकारकडे भरते की नाही, ते याच उत्तरातून कळते.

उदोन थानीच्या एजन्सीने हुद्द्याबद्दल आणि नावाबद्दल सरळ उत्तरे दिली. परमिट शाळेच्या नावावर, हुद्दा शिक्षकाचा. ही तिची जमेची बाजू. करार मात्र १० महिन्यांचा. थाई शाळांचे पहिले सत्र मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत आणि दुसरे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालते. एजन्सीच्या करारात ऑक्टोबरची आणि एप्रिलची सुट्टी बिनपगारी होती. व्हिसा, परमिट आणि राहण्याच्या मुदतवाढीचा खर्चही शिक्षकाचाच.

तिसरी ऑफर बँकॉकच्या पश्चिमेला नाखोन पथोममधल्या एका खासगी शाळेची. पगार २३,००० बाट, करार १२ महिन्यांचा, दोन्ही सुट्ट्या पगारी, परमिट आणि मुदतवाढीचे शुल्क शाळा भरणार. सुरुवातीला शिक्षिकेला ही सर्वांत हलकी वाटली. मग कागदावर हिशेब मांडला.

एजन्सीचे २५,००० गुणिले १० म्हणजे २,५०,००० बाट. त्यातून ३ टक्के, म्हणजे ७,५०० वजा. राहिले २,४२,५००. त्यातून व्हिसा २,००० बाट, एक वर्षाचे वर्क परमिट ३,००० आणि त्याच्या अर्जाचे १००, राहण्याच्या मुदतवाढीचे १,९००; हे सात हजार गेले की २,३५,५००. खासगी शाळेचे २३,००० गुणिले १२ म्हणजे २,७६,०००, त्यातून व्हिसाचे २,००० स्वतःचे धरले तरी २,७४,०००. फरक ३८,५०० बाट. कापलेले ७,५०० पुढे परत मिळाले असे धरले तरी ३१,००० उरतात. बाटचा भाव २.६ रुपये धरला तर सुमारे ८०,००० रुपये. महिन्याला दोन हजार बाट कमी देणारी शाळा वर्षाला ऐंशी हजार रुपये जास्त देत होती. ऑफर लेटरमध्ये महिन्याचा आकडा ठळक आणि महिन्यांची संख्या बारीक अक्षरात असते. गुणाकार आपणच करायचा असतो.

पण जास्त पैसे देणारी शाळा विश्वासाची असतेच असे नाही. तिसऱ्या ऑफरची पडताळणी पुढीलप्रमाणे झाली.

शाळेचे थाई लिपीतले नाव मागून घेतले. रोमन लिपीत थाई नावाची चार वेगवेगळी स्पेलिंगे होतात, त्यामुळे शोध नेहमी थाई नावानेच घ्यायचा. खासगी शाळा शिक्षण मंत्रालयाच्या खासगी शिक्षण आयोगाच्या कार्यालयाकडे नोंदलेल्या असतात. शाळेने आपला परवाना आणि त्यावरचे परवानाधारकाचे नाव पाठवले. मग फोन. ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर फोन करण्यात अर्थ नाही, तो काहीही असू शकतो. नकाशावर शाळा शोधून तिथला कार्यालयाचा क्रमांक घ्यायचा. थाई शाळांत सकाळी ८ वाजता ध्वजवंदन असते, त्यामुळे ९ नंतर कोणी ना कोणी फोन उचलते. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे, म्हणजे आपले साडेसात. कार्यालयातल्या माणसाला इंग्रजी येईलच असे नाही. ‘परदेशी शिक्षक विभाग’ एवढे थाईत म्हणता आले तरी फोन योग्य टेबलावर जातो. विचारायचे इतकेच: ही जागा रिकामी आहे का, आणि मला पत्र पाठवणारी व्यक्ती तुमच्याकडे काम करते का?

त्यानंतर दोन चालू शिक्षकांशी बोलणे. शाळा स्वतःच जोडून देईल ते समाधानी असणारच, म्हणून एक अट घालायची: त्यांतला एक तरी वर्षापेक्षा जास्त काळ राहिलेला आणि बिगर-नेटिव्ह असावा. फिलिपिनो शिक्षक असेल तर फारच चांगले. या व्यवसायातले खाचखळगे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसतात. ‘शाळा कशी आहे?’ हा प्रश्न फुकट जातो, त्याला उत्तर ‘छान आहे’ असेच येते. शिक्षिकेने पुढचे प्रश्न विचारले. रुजू झाल्यापासून किती दिवसांनी वर्क परमिट हातात आले? गेल्या ऑक्टोबरचा पगार कोणत्या तारखेला जमा झाला? आठवड्याला किती तास, आणि आजारी सहकाऱ्याचे तास घेतले तर त्याचे वेगळे पैसे मिळतात का? गेल्या दोन वर्षांत सत्राच्या मध्येच किती शिक्षक सोडून गेले? मूळ पदवी प्रमाणपत्र शाळेत ठेवून घेतात का? तारीख आणि संख्या मागितली की माणूस आठवून खरे सांगतो. उत्तरे आली: परमिट सात आठवड्यांनी, पगार महिन्याच्या २८ तारखेला, २२ तास, जास्तीच्या तासाचे पैसे नाहीत, दोन जण मध्येच गेले, मूळ कागद दाखवून परत. दोन गोष्टी बऱ्या नव्हत्या. त्या सांगितल्या गेल्या, म्हणूनच बाकीच्या चारांवर विश्वास ठेवता आला.

करारपत्र दोन भाषांत होते. वाद झाला तर थाई मसुदा प्रमाण, असे त्यात लिहिलेले होते, आणि बहुतेक करारांत असतेच. त्यामुळे इंग्रजी मसुदा वाचून सही करणे म्हणजे न वाचलेल्या कागदावर सही करणे. थाई मसुदा भाषांतरकाराकडून निदान पाच कलमांपुरता वाचून घ्यायचा: मुदत, पगार व सुट्ट्या, कामाचे तास, दंड, नोटीस. इथे एक फरक सापडला. इंग्रजीत ‘एक महिन्याची नोटीस’ होती. थाईत सत्राच्या मध्ये सोडल्यास एका महिन्याचा पगार दंड, असेही होते. शिक्षिकेने ते कलम काढा असे म्हटले नाही. तेच इंग्रजीतही लिहा, आणि शाळेने मुदतीआधी काढले तर शाळाही एक महिन्याचा पगार देईल असे जोडा, एवढेच म्हटले. शाळेने जोडले. ज्या शाळेला करार पाळायचा असतो, ती दुरुस्तीला घाबरत नाही. ‘हा छापील फॉर्म आहे, बदलत नाही’ हे उत्तर आले असते तर शिक्षिकेने पुढे विचार करायला हवा होता.

खासगी शाळांबाबत एक गोष्ट माहीत असावी. २००७ च्या थाई खासगी शाळा कायद्याने या शाळांतले शिक्षक सर्वसाधारण कामगार कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत. मात्र त्यांना मिळणारे लाभ कामगार कायद्यापेक्षा कमी असू नयेत, असेही तोच कायदा सांगतो. तक्रार करायची तर पहिले दार शिक्षण कार्यालयाचे.

आता ज्या भागात सर्वांत जास्त वेळ गेला, आणि दरवेळी जातो, त्याकडे येऊ. शाळा चांगली मिळाली तरी आपलेच कागद आडवे येतात.

थायलंडच्या शिक्षक परिषदेचे नाव ‘खुरुसफा’. शब्द आपलाच, गुरुसभा. औपचारिक शाळेत शिकवणाऱ्या प्रत्येकाला तिचा परवाना किंवा तात्पुरती परवानगी लागते. परदेशी शिक्षकासाठी दोन वर्षांची तात्पुरती परवानगी शाळाच मागते, आणि ती त्या शाळेपुरतीच असते; शाळा बदलली की नवा अर्ज. बी.एड. असलेल्याला पुढे पूर्ण परवान्याचा विचार करता येतो. (केवळ भाषा शिकवणाऱ्या क्लासवजा संस्थांना ही अट नसते. तिथे इतर तपासण्या आणखी कडक करायच्या.) परिषद पदवीची पडताळणी मागते, म्हणजे विद्यापीठाने ‘ही पदवी आम्हीच दिली’ असे कळवायचे. आपल्या विद्यापीठांकडून ते पत्र निघायला आठवडे लागतात. अर्ज, शुल्क, स्मरणपत्र, पुन्हा स्मरणपत्र. यासाठी आठ आठवडे हाताशी ठेवावेत.

त्याआधीची अडचण नावाची. महाराष्ट्रातल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे, शेवटी आईचे नाव. पासपोर्टवर नाव आणि पतीचे नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या रकान्यात, तेही सासरचे. बी.ए. माहेरच्या नावाने, बी.एड. सासरच्या नावाने. आपल्याला यात काही विचित्र वाटत नाही. थाई कार्यालयातला कारकून मात्र अक्षर न् अक्षर जुळवतो आणि त्याला हे तीन वेगळ्या बायकांचे कागद दिसतात. उपाय आधीच करायचा: विवाह प्रमाणपत्र, नावबदलाची राजपत्रातली प्रसिद्धी आणि सगळी रूपे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र, या तिघांचा संच इंग्रजीत तयार ठेवायचा, आणि पदवीइतकेच त्यांचेही साक्षांकन करून घ्यायचे. साक्षांकनाचा क्रम ठरलेला: राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, मग मुंबईतला थाई महावाणिज्य दूतावास. क्रम चुकला तर पहिल्यापासून.

शिक्षिकेच्या बाबतीत आणखी एक निघाले. एम.ए.चे पदवी प्रमाणपत्र त्यांनी दीक्षांत समारंभानंतर कधी घेतलेच नव्हते. कपाटात फक्त तात्पुरते प्रमाणपत्र होते. नोकरी त्यावर मिळाली, बढती त्यावर मिळाली, कोणी मूळ मागितले नव्हते. थायलंडला जायचा विचार जरी मनात असला, तरी आजच विद्यापीठातून मूळ पदवी काढून आणावी. त्याखेरीज पासपोर्ट कार्यालयाकडून पोलीस क्लिअरन्स प्रमाणपत्र, शुल्क ५०० रुपये. आणि टोइक ही इंग्रजीची परीक्षा: बिगर-नेटिव्ह शिक्षकाकडून अनेक थाई शाळा ९९० पैकी किमान ६०० गुण मागतात. इंग्रजी शिकवणाऱ्याला ६०० अवघड नाहीत, पण निकाल दोनच वर्षे चालतो, त्यामुळे फार आधी देऊन ठेवण्यात फायदा नाही.

‘१२० तासांचा ऑनलाइन टेफल कोर्स’, म्हणजे परदेशी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा कोर्स, करावा का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. बी.एड. असलेल्याने त्यावर पैसे घालण्याआधी शाळेला विचारावे. त्या कोर्सांवर कोणाचेही नियंत्रण नाही. नाव एकच, दर्जा वाटेल तसा. केंब्रिजचा सेल्टा किंवा ट्रिनिटीचा सर्टटेसॉल यांचे वजन वेगळे, कारण त्यांत खऱ्या विद्यार्थ्यांपुढे निदान सहा तास, परीक्षकांच्या नजरेखाली शिकवावे लागते. ते महागही आहेत. नाखोन पथोमच्या शाळेला त्यांपैकी काहीच नको होते. शाळेने पाचवीच्या वर्गासाठी २० मिनिटांचा पाठ व्हिडिओ कॉलवर घ्यायला लावला आणि पाठाचे टाचण आधी मागितले. शिकवून न पाहता नेमणारी शाळा तुम्हाला काय म्हणून नेमते आहे, याचा विचार करावा.

कागद नाशिकहून नाखोन पथोमला मार्चअखेर स्कॅन होऊन गेले. शाळेने शिक्षण कार्यालयाचे पत्र, आपला परवाना, करार आणि निमंत्रणपत्र पाठवले. या संचावर भारतातूनच, थायलंडच्या ई-व्हिसा पोर्टलवरून, शिकवण्यासाठीचा नॉन-इमिग्रंट बी व्हिसा मिळाला. कागदांचा हा उलटा प्रवास, शाळेकडून शिक्षकाकडे, हीच खरी कसोटी. पहिल्या ऑफरमध्ये शाळेकडून एकही सहीचा कागद आला नव्हता. ‘तिथे आल्यावर बदलून घेऊ’ म्हणणाऱ्या शाळेने तुमच्यासाठी अजून कुठेच स्वतःचे नाव लावलेले नसते. व्हिसाचा संच पाठवणारी शाळा सरकारी दप्तरी लेखी कबूल करते, की ही आमची शिक्षिका आहे. तिकीट त्यानंतर काढले.

उशीर झालाच. विद्यापीठाचे पडताळणी पत्र जूनमध्ये निघाले, सत्र मेच्या मध्यात सुरू झाले होते. शाळेने जागा धरून ठेवली, पण पगार रुजू झाल्यापासूनच. तिथे पोहोचल्यावर पहिल्या ९० दिवसांत वैद्यकीय दाखला, वर्क परमिट आणि मग वर्षाची मुदतवाढ, या क्रमाने कामे होतात. परमिट हातात येण्याआधी ‘फक्त वर्गात बसा, मदत करा’ असे सुचवले जाते. तेही कायद्याने कामच आहे. शिक्षिकेने पाठ्यपुस्तके आणि वेळापत्रक घेऊन खोलीवर तयारी केली.

खोलीचे: भाडे ४,५०० बाट, दोन महिन्यांची अनामत आणि एक महिना आगाऊ, म्हणजे दारातच १३,५००. घरमालकाने परदेशी भाडेकरू आल्याची नोंद २४ तासांत इमिग्रेशनकडे करायची असते, तिला टीएम-३० म्हणतात. ती पावती नसेल तर मुदतवाढीच्या खिडकीवर अर्ज अडतो, म्हणून खोली ठरवतानाच घरमालकाला विचारून घ्यावे. जेवण ६,५००, वीज-पाणी १,२००, बाकी दीड हजार. २३,००० मधून साधारण ९,३०० बाट शिल्लक, म्हणजे सुमारे २४,००० रुपये. पहिले दोन महिने मात्र शिल्लक काहीच राहत नाही. निघताना विमान सोडून ४०,००० बाट जवळ असावेत. तेवढे जमेपर्यंत थांबलेले बरे. पैसे संपलेला माणूस वाईट करारावर सही करतो.

मुदतवाढ मिळाल्यावर दर ९० दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा असतो. आणि ऑक्टोबरच्या सुट्टीत पुष्कळदा दिवाळी येते, घरी यावेसे वाटते. विमानात बसण्यापूर्वी री-एन्ट्री परमिट काढायला विसरू नये. एका फेरीचे १,००० बाट, अनेक फेऱ्यांचे ३,८००. इमिग्रेशन कार्यालयात आधी, नाहीतर मोठ्या विमानतळांवर निघताना. ते न काढता देश सोडला तर वर्षभराची मुदतवाढ त्याच क्षणी रद्द होते आणि नाशिकला पोहोचलेल्या शिक्षिकेला व्हिसाचे सगळे कागद शाळेकडून नव्याने मागावे लागतात.